लेटमार्क साध्या मंगळवारी पडतो : जेलरोड ते सातपूर, एका रोजच्या प्रवासाचा प्रकरण अभ्यास

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. हे प्रकरण आमच्याच गुणवत्ता विभागातल्या एका निरीक्षक बाईंचं आहे. त्यांच्या संमतीने लिहिते आहे, पण नाव देत नाही. कंपनीत सगळे त्यांना ताई म्हणतात, इथेही तेच म्हणते.

ताईंची फाइल माझ्या टेबलावर आली ती लेटमार्कमुळे. आमची जनरल शिफ्ट साडेआठची. १० मिनिटांची सवलत आहे, त्यानंतर पंचिंग झालं की लेटमार्क, आणि महिन्यात तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. ताईंची बरीच वर्षं नोकरी झालेली, रेकॉर्ड स्वच्छ. गेल्या वर्षात मात्र जवळजवळ दर महिन्याला कपात. सुपरवायझरने शेरा मारला होता : ‘वारंवार समज देऊनही सुधारणा नाही. स्वतःची गाडी असूनही उशीर.’

शेरा मारणारा माणूस वाईट नाही. त्याची अडचण खरी आहे. पाळी सुरू झाली की मशीनवरून निघालेला पहिला पीस निरीक्षकाने तपासून ओके केल्याशिवाय पुढचं उत्पादन सुरू करता येत नाही. निरीक्षक २० मिनिटं उशिरा आला तर ऑपरेटर, मशीन, हेल्पर सगळे २० मिनिटं थांबतात. त्यामुळे ‘थोडा उशीर झाला तर काय बिघडलं’ असं म्हणून हे प्रकरण मिटणार नव्हतं. पण गाडी असली की उशीर व्हायचं कारण उरत नाही, हे त्या शेऱ्यामागचं गृहीतक मला पटेना. म्हणून ताईंना बोलावलं.

ताई आल्या त्या भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून घेऊनच. “मॅडम, मी रोज लिहिते. घरातून कधी निघाले, गेटवर कधी पोचले. घरचे हसतात, पण कुणीतरी विचारेल म्हणून लिहीत होते.”

ताई राहतात जेलरोडला. यजमान देवळाली कॅम्पला नोकरीला, म्हणजे नेमके उलट्या दिशेला. घरी सासूबाई आणि दहावीतला मुलगा. घर ते कंपनी अंतर १६-१७ किलोमीटर. जेलरोडवरून बिटको, तिथून पुणे रोडने दत्तमंदिर, उपनगर, गांधीनगर, मग द्वारका सर्कल, मुंबई नाका, चांडक सर्कल, मायको सर्कल, त्र्यंबक रोड, एबीबी सर्कल, सातपूर. नाशिककराला ही नुसती नावं वाचूनच पुरेसं कळतं.

या रस्त्याला एक इतिहास आहे. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या वेगवेगळ्या नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका झाली. रेल्वे स्टेशन, नोटा छापणारी प्रेस आणि सरकारी वसाहती एका टोकाला. कारखाने दुसऱ्या टोकाला. मध्ये जुनं गाव आणि त्याला कापत जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग. कागदावर शहर एक झालं, पण तिन्ही तुकड्यांना सकाळच्या वेळी खात्रीने जोडणारं वाहन काही तयार झालं नाही. ताई रोज त्या तिन्ही जुन्या नगरपालिका ओलांडतात, आणि त्यांच्यासारखे हजारो लोक ओलांडतात.

आधी बस, मग स्कूटर, मग गाडी

ताई सुरुवातीला बसनेच यायच्या. तेव्हा शहर बस एसटी चालवायची. थेट सातपूरची बस मिळाली तर उत्तम, नाहीतर सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, उतरून दुसरी. शिवाय आमच्या कंपनीची नाशिकरोडला जाणारी बसही होती. मी इथे लागायच्या आधीच ती बंद झाली. कारण साधं होतं. एकेक करून लोकांनी दुचाकी घेतल्या, सीटा रिकाम्या जाऊ लागल्या, आणि अर्ध्या रिकाम्या बसचं भाडं व्यवस्थापनाला परवडेना. दुचाकी घेणारा प्रत्येक जण आपल्यापुरता बरोबर होता. पण त्या सगळ्यांचा मिळून परिणाम असा झाला की ज्यांना दुचाकी नको होती त्यांनाही घ्यावी लागली.

ताईंनी स्कूटर घेतली. पुणे रोडवर ट्रकच्या बाजूने, पावसात, खड्डे चुकवत काही वर्षं चालवली. एका पावसाळ्यात द्वारकेजवळ घसरल्या. फार लागलं नाही, पण यजमानांनी त्या आठवड्यातच सांगितलं, आता गाडी बघायची. जुनी, सीएनजीवरची हॅचबॅक हप्त्यावर घेतली. हप्ता ताईंच्या पगारातून जातो. म्हणजे वेळेवर पोचावं म्हणून घेतलेल्या गाडीचा हप्ता ज्या पगारातून भरायचा, तोच पगार उशीर झाला म्हणून कापला जात होता.

२०२१ साली, ८ जुलैला, महापालिकेने शहर बससेवा स्वतःकडे घेऊन नव्याने सुरू केली. बस नव्या होत्या, स्वच्छ होत्या, आणि ताईंनी मनापासून पुन्हा बसने यायचा प्रयत्न केला. गाडी घेतल्यावरही आठवड्यातून एखाद-दोनदा त्या बसने यायच्या, सीएनजीचा खर्च वाचवायला. पण साडेआठच्या पंचिंगला बस पुरी पडेना. त्यातच थकलेल्या पगारासाठी ठेकेदाराकडच्या वाहकांनी वेळोवेळी काम बंद केलं, मार्च २०२४ मध्येही केलं. वाहकांची मागणी रास्तच होती. राबून पगार न मिळालेल्या माणसाला दोष कसा देणार? पण स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईला त्या सकाळी शेअर रिक्षाच शोधावी लागते.

बसचं गणित थोडं थांबून सांगते, कारण ‘बस तर आहे ना’ हे वाक्य मी फार ऐकते. समजा, एका मार्गावर तासाला तीन बस आहेत आणि त्या बरोबर वीस-वीस मिनिटांनी येतात. अंदाजे स्टॉपवर येणाऱ्या माणसाला सरासरी १० मिनिटं थांबावं लागेल. आता त्याच बस कोंडीत अडकल्या, आणि ४० मिनिटं काहीच न येता मग दोन बस पाठोपाठ आल्या, तर सरासरी थांबणं २० मिनिटांवर जातं. बसची संख्या तीच, फेऱ्यांचा तक्ता तोच, डिझेलही तेवढंच. प्रवाशाचा वेळ मात्र दुप्पट गेला. वाटेत एकदा बस बदलायची असेल तर हे दोनदा घडू शकतं. कागदावरच्या फेऱ्या मोजून हे कधीच दिसत नाही.

संख्येचंही सांगायला हवं. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी सेवेचे निकष ठरवले आहेत. त्यात दर हजार लोकांमागे ०.६ किंवा त्याहून जास्त बस असतील तर ती पहिली पातळी, ०.२ पेक्षा कमी असतील तर चौथी, म्हणजे सगळ्यात खालची. नाशिकच्या सेवेचं नियोजन २५० बसचं होतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. त्या जुन्या लोकसंख्येवर भागलं तरी दर हजारी ०.१७ येतात. म्हणजे ठरवलेली प्रत्येक बस रोज रस्त्यावर आली असती तरी शहर सगळ्यात खालच्या पातळीवरच राहिलं असतं.

कॅलेंडरने काय दाखवलं

मी आणि ताईंनी मिळून कॅलेंडर वाचलं. रस्ता मोकळा असला की गाडीने ४० मिनिटं लागतात. बहुतेक दिवशी ५५ मिनिटं ते १ तास. वाईट दिवशी दीड तास, क्वचित त्याहून जास्त. इथवर काही नवल नाही.

मग लेटमार्कच्या तारखा त्यावर मांडल्या, आणि मला वाटलं होतं त्याच्या उलटंच चित्र निघालं. माझा अंदाज होता की लेटमार्क मोठ्या गर्दीच्या दिवशी असतील. श्रावणी सोमवार घ्या. विशेषतः तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी लाखाने लोक त्र्यंबकेश्वरला जातात आणि त्र्यंबक रोड, म्हणजे आमच्या दारचाच रस्ता, माणसांनी भरून जातो. किंवा गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलेलं, नदीकाठचे रस्ते बंद आणि सगळी वाहतूक उरलेल्या पुलांवर. किंवा गणपती विसर्जन. या एकाही दिवशी ताईंना लेटमार्क नव्हता. कारण त्या दिवसांची खबर आदल्या दिवशीच असते. त्या पहाटेच निघतात, सात वाजता गेटवर असतात.

लेटमार्क पडले होते साध्या मंगळवारी, गुरुवारी. कुठलाही सण नाही, पाऊस नाही, बातमी नाही. द्वारकेला एक कंटेनर वळताना अडकला. उपनगरला पाइपलाइनसाठी रात्रीतून रस्ता खोदला आणि सकाळी एकच बाजू चालू. मायको सर्कलला सिग्नल बंद. गांधीनगरजवळ दोन दुचाकी एकमेकींवर घासल्या आणि बघ्यांनी गाड्या थांबवल्या. यातलं एकही कारण पुन्हा त्याच ठिकाणी, त्याच दिवशी आलेलं नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. गर्दी ताईंना उशीर करत नाही. गर्दीचा अंदाज न येणं उशीर करतं. रोज हमखास दीड तास लागत असता तर ताई रोज दीड तास आधी निघाल्या असत्या आणि त्यांना एकही लेटमार्क पडला नसता. त्रास झाला असता, पण त्या त्रासाचं वेळापत्रक झालं असतं.

वाहतुकीचा अभ्यास करणारे अभियंते यासाठी सरासरीऐवजी वेगळं माप धरतात. वीसपैकी एकोणीस दिवस वेळेत पोचायचं असेल तर किती वेळ हाताशी ठेवून निघावं लागेल, हे ते माप. ताईंच्या बाबतीत ते जवळजवळ १०० मिनिटं येतं. साडेआठसाठी ६.५० ला घर सोडायचं. मग चांगल्या दिवशी त्या ७.३० ला पोचतात आणि गेटबाहेर गाडीत बसून राहतात. दिवसाला सरासरी पाऊण तास, महिन्याच्या २५ पाळ्यांचे जवळपास १९ तास. म्हणजे आठ तासांच्या दोन पाळ्यांहून जास्त वेळ, बिनपगारी, नुसता धास्तीपोटी दिलेला. पगारपत्रकात तो दिसत नाही. घरात दिसतो. मुलाचा डबा सासूबाई करतात, त्याला अभ्यासाला उठवायचं काम वडिलांवर गेलं. उशीर होऊ नये म्हणून ताई आधी निघाल्या तर घर बिघडतं, आणि घर सांभाळायला १५ मिनिटं जास्त थांबल्या तर नेमका त्याच दिवशी कंटेनर अडकतो.

“मॅडम, उशीर झाल्याचं वाईट वाटत नाही तेवढं,” ताई म्हणाल्या. “रोज सकाळी चप्पल घालताना पोटात गोळा येतो, त्याचं वाटतं. आज कुठला दिवस आहे तेच कळत नाही.”

अंदाज का येत नाही

मोकळ्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला साधारण १,८०० ते २,००० मोटारी जाऊ शकतात. सिग्नल असला की हिरव्या दिव्याच्या वाट्याइतक्याच. गाड्या या क्षमतेच्या निम्म्या असतील तर एखादी रिक्षा मध्येच थांबली तरी मागची रांग लगेच विरते. पण क्षमतेच्या अगदी काठावर आल्यावर तेवढ्याच छोट्या अडथळ्याची रांग विरायला अर्धा-पाऊण तास लागतो. दहा टक्के गाड्या वाढल्या म्हणून वेळ दहाच टक्के वाढतो असं नाही. काठावर तो एकदम उसळतो. भरलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं, दोन मिनिटं काहीच नाही आणि मग एकदम ओट्यावर. सकाळी साडेसात ते साडेनऊ पुणे रोड आणि द्वारका याच काठावर असतात.

द्वारकेला पुणे आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग भेटतात. उड्डाणपुलामुळे मुंबई-धुळे जाणारी लांबची वाहनं वरून निघून गेली, याचा फायदा नक्की झाला. पण पुणे रोडवरून येणारा आणि शहरात जाणारा सगळा भार खालीच राहिला, आणि त्यातच रिक्षांचे थांबे, बस, पायी जाणारे. पादचाऱ्यांसाठी तिथे भुयारी मार्ग बांधला, तो वापराविना पडून राहिला. माणसं ट्रकच्या मधूनच रस्ता ओलांडतात. ते ओलांडणार नाहीत तर काय करतील?

ताई पर्यायी रस्ताही वापरून पाहायच्या. डीजीपीनगर, वडाळा-पाथर्डी रोड, इंदिरानगरचा बोगदा, गोविंदनगर, सिटी सेंटर मॉल, मग एबीबी सर्कल. बोगदा मोकळा असला की हा रस्ता छान. पण सगळ्यांच्या मोबाइलवर तोच नकाशा आहे. पुणे रोड लाल झाला की सगळे तिकडेच वळतात, आणि बोगद्याच्या तोंडाशी जी कोंडी होते तिच्यातून मागे फिरायलाही जागा नसते. दुसरा रस्ता हाताशी असूनही ताईंची खात्री वाढली नाही. उलट रोज द्वारकेआधी कुठे वळायचं हा जुगार वाढला.

आणि आता २०२७ चा सिंहस्थ. त्यासाठी रस्ते, पूल, जलवाहिन्या, मलवाहिन्या सगळीकडे कामं चालू आहेत. ती गरजेची आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच की आज कुठला रस्ता अर्धा बंद आहे हे आदल्या संध्याकाळी लोकांना कळायला हवं. श्रावणी सोमवारने हे आम्हाला शिकवलं : खबर असली की माणसं स्वतःहून वेळ काढतात.

आम्ही काय करून पाहिलं

पहिला उपाय सुचला तो येण्याच्या वेळेत लवचीकता. कार्यालयीन लोकांसाठी आम्ही ती सुरू केली : आठ ते सव्वानऊच्या मध्ये कधीही या, तेवढाच वेळ भरून जा. त्यांचे लेटमार्क जवळजवळ संपले. पण ताईंना याचा उपयोग नव्हता, पहिल्या पीसमुळे.

मग गाडी वाटून घेणं. उपनगरचे एक स्टोअरकीपर भाऊ आणि गांधीनगरची एक ट्रेनी मुलगी ताईंच्या गाडीत येऊ लागले. पांढऱ्या पाटीच्या गाडीत परवानगीशिवाय भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, म्हणून सीटचा हिशोब केला नाही. आळीपाळीने सीएनजी भरायचं ठरलं. खर्च वाचला, सोबत झाली. पण खात्री कमी झाली. भाऊंना दोन मिनिटं उशीर झाला की तिघांना उशीर. सीएनजीच्या रांगेचा भरवसा नाही. संध्याकाळी ओव्हरटाइम लागला तर बाकीचे दोघे अडकून. पैशांसाठी गाडी वाटून घेणं चांगलं आहे, पण वेळेच्या प्रश्नाला ते उत्तर नाही.

तिसरा उपाय ताईंनीच सुचवला. फर्स्ट शिफ्ट, सात ते साडेतीन. पहाटे सहाला रस्ता रिकामा असतो, ४० मिनिटं म्हणजे ४० मिनिटं. त्या ६.१० ला निघतात आणि ६.५० ला गेटवर असतात. तेव्हापासून एकही लेटमार्क नाही. आधीपेक्षा ४० मिनिटं लवकर घर सोडूनही त्या म्हणतात की आता हलकं वाटतं.

पण हे एका व्यक्तीपुरतं झालं. फर्स्ट शिफ्टला निरीक्षकाची जागा एकच. त्यासाठी सिडकोतल्या पवननगरच्या एका सहकाऱ्याला जनरल शिफ्टला यावं लागलं. तो जवळ राहतो म्हणून जमलं. नाशिकरोडचे बाकी सगळे अजून साडेआठच्या रस्त्यावरच आहेत.

जनरल शिफ्टसाठी आम्ही एक छोटा बदल केला. पहिला पीस तपासायला प्रत्येक लाइनवर एका सीनियर ऑपरेटरला प्रशिक्षण देऊन लेखी अधिकार दिला, फक्त पहिल्या अर्ध्या तासापुरता. उत्पादन विभाग सुरुवातीला नाखूश होता. आता निरीक्षक अडकला तरी मशीन थांबत नाही. हे काम कितीतरी आधी होऊ शकलं असतं. रस्त्याच्या अनिश्चिततेचा सगळा भार एकट्या कामगाराच्या पगारावर टाकायचं कारण नव्हतं.

कारखान्याच्या गेटबाहेर

याच्यापुढे आमचा हात पोचत नाही. तरी काय हवं ते या प्रकरणातून स्पष्ट दिसतं. नाशिकरोड ते सातपूर या एका मार्गावर, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, बस इतक्या दाट हव्यात की वेळापत्रक बघायची गरजच पडू नये. आणि निदान द्वारकेला बसला आधी वाट मिळायला हवी. बस मोटारींच्याच रांगेत उभी राहणार असेल तर तिची खात्री मोटारीपेक्षा जास्त असणार तरी कशी? आणि निमा, आयमासारख्या उद्योजक संघटनांनी ठरवलं तर सातपूर-अंबडच्या जनरल शिफ्टच्या वेळा पंधरा-वीस मिनिटांनी मागेपुढे करता येतील. त्याला एक रुपयाही लागत नाही.

टायरवर चालणाऱ्या निओ मेट्रोची आठवण इथे होतेच. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली होती. तिचा लांब मार्ग गंगापूरहून सातपूर, एबीबी सर्कल, मायको सर्कल, सीबीएस, द्वारका, गांधीनगर, दत्तमंदिर करत नाशिकरोडला जाणार होता. म्हणजे जवळपास ताईंचाच रस्ता, स्टॉपसकट. त्या घोषणेच्या दिवशी कॅन्टीनमध्ये पेढे वाटणारे ऑपरेटर आजही आमच्याकडे आहेत. मार्ग बरोबर होता. तो कागदावरच आहे.

ताईंचा मुलगा पुढच्या वर्षी अकरावीला जाईल. कॉलेज सकाळचं मिळालं तर त्यांना फर्स्ट शिफ्ट सोडावी लागेल आणि त्या पुन्हा साडेआठच्या रस्त्यावर येतील. तोवर आमच्या रस्त्यावरच्या शेजारच्या कारखान्यांनी मिळून नाशिकरोडची एक बस सुरू करावी, असा प्रस्ताव मी मांडला आहे. आमची एकट्यांची बस रिकामी गेली होती. चौघांची जाणार नाही. जेलरोड, बिटको, उपनगर आणि गांधीनगरला राहणाऱ्यांचे पत्ते आणि पाळ्या मी मागवल्या आहेत. दोन कारखान्यांच्या याद्या आल्या, दोघांच्या यायच्या आहेत.